तराजूतला इतिहास

शाळेच्या वेळापत्रकात गणित आणि इतिहास वेगवेगळ्या तासांना येतात. संशोधनात मात्र त्यांची गाठ पडू शकते. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) हे गणिती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असताना ते तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांकडे वळले. या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही. फक्त ठोकलेली चिन्हे आहेत. मग कोणते नाणे आधीचे?

कोसंबींनी नाणी तोलली. हातोहात फिरणारे नाणे झिजते. एकाच नाण्याच्या वजनावरून काही ठरत नाही, कारण मुळातच ती थोड्या कमीजास्त वजनाची असतात. पण एका प्रकारच्या अनेक नाण्यांची सरासरी काढली, की चलनात जास्त काळ राहिलेला गट हलका भरतो. आपल्या काळातली नाणी तोलून त्यांनी हे पडताळूनही पाहिले. प्राचीन नाण्यांच्या मागे बारीक खुणा असतात. खुणा जितक्या जास्त, तितके वजन कमी! म्हणजे नाणी वेळोवेळी पारखली जात असावीत.

तराजूने क्रम सुचवला. राजे कोणते, हे त्याला सांगता येईना. त्यासाठी प्राचीन ग्रंथांचाच आधार घ्यावा लागला, आणि त्या जुळणीवर पुढे वादही झाले. प्रत्येक विषयाचा पुरावा वेगळा आणि त्याची मर्यादाही वेगळी, ती अशी.

वर्गात एकाच प्रकारची, निरनिराळ्या सालांची नाणी संवेदनशील तराजूवर तोलून पाहा. फरक सूक्ष्म असेल. किती नाणी तोलली म्हणजे सरासरीवर विश्वास ठेवायचा, हे मुलांनाच विचारा.