फाळके यांची प्रकाशविद्या

१९११ साली ईस्टरच्या सुमारास मुंबईच्या गिरगावात प्रभू येशूच्या जीवनावरील एक मूकपट दाखविला जात होता. प्रेक्षकांत धुंडिराज गोविंद फाळके हे चाळिशीतील गृहस्थ होते. पडद्यावरील ख्रिस्तचरित्र पाहता पाहता, आपल्याकडील रामकृष्णांच्या कथाही अशाच साकार करता येतील, या विचाराने त्यांना झपाटले. हा प्रसंग पुष्कळांच्या परिचयाचा आहे. परंतु त्यामागे पंचवीस वर्षांचे विद्यार्जन होते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वरी झाला. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबर छायाचित्रणही शिकले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. पण प्लेगने पत्नी व अपत्य हिरावून नेले आणि तो व्यवसाय संपला. त्यानंतर पुरातत्त्व खात्यातील नोकरी आणि मुद्रणाचा व्यवसाय झाला. प्रत्येक टप्प्यावर छायाप्रकाशाचे ज्ञान वाढतच गेले.

त्या ईस्टरनंतर त्यांनी चित्रपट पाहण्याचा असा ध्यास घेतला, की अतिश्रमाने काही काळ दृष्टीच अधू झाली. उपचारांनी ती परत आली. १९१२ साली विम्याची पॉलिसी तारण ठेवून ते लंडनला गेले, चित्रपटनिर्मितीचे तंत्र शिकले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. मग कुंडीत वाटाणा पेरून, कॅमेरा न हलविता, त्यांनी सुमारे महिनाभर त्याच्या वाढीची एकेक चौकट टिपली. पडद्यावर मात्र तो अंकुर काही क्षणांतच वेल झाला! ते पाहून भांडवल देणारा माणूस पुढे आला.

या विद्येत त्यांच्या द्वितीय पत्नी सरस्वतीबाई सहाध्यायी होत्या. कोऱ्या फिल्मच्या कडांना अंधारात छिद्रे पाडावी लागत. उजेडाची एक तिरीप आली, तरी फिल्म वाया जाई. दिवसा पांढरी चादर धरून त्या नटांवर सूर्यप्रकाश परावर्तित करीत, रात्री रसायनांत फिल्म धुण्यास हातभार लावीत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकलेला ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. एका फुटात १६ चौकटी, म्हणजे ५९ हजारांहून अधिक छायाचित्रे! ती सारी घरातील अंधाऱ्या खोलीतून प्रकाशात आली.

त्याच वर्षी फाळके नाशिकला आले. चित्रपट कसा तयार होतो, हे दाखविणारा एक लघुपटही त्यांनी १९१७ साली काढला. स्वतः कष्टाने मिळविलेली विद्या त्यांनी झाकून ठेवली नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले.

आज मोबाईलवर टिपलेले छायाचित्र तत्क्षणी दिसते. बिघडले तर पुसताही येते. परंतु प्रकाश कोठून येतो, चौकटीत काय घ्यावे आणि काय वगळावे, हे आजही डोळ्यांनाच शिकावे लागते. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकास मुलांना घेऊन जाल, तेव्हा त्यांना वाटाण्याच्या त्या अंकुराची गोष्ट अवश्य सांगा. आणि अंधारात काम करणाऱ्या सरस्वतीबाईंचीही.