आल्बम : वहीपासून वहीपर्यंत

ग्रामोफोनच्या काळीं तबकडीच्या एका बाजूस तीन-चार मिनिटांहून अधिक गाणें मावत नसे. एखादी मोठी रचना ऐकवावयाची तर पांच-सहा तबकड्या लागत, आणि त्या फुटूं नयेत म्हणून जाड कागदी खिशांच्या बांधीव वहींत घालून विकण्याची रीत पडली. ती वही फोटो लावण्याच्या वहीसारखी दिसे. म्हणून तिला नांवही तेंच मिळालें, आल्बम. पुढें १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें दीर्घकाळ वाजणारी तबकडी बाजारांत आणली. वहीचें प्रयोजन संपलें, नांव तेवढें मागें उरलें. पुठ्ठ्याच्या वेष्टनांतील एकुलत्या एका तबकडीस जग आल्बम म्हणत आलें, तें केवळ संवयीनें. आज त्या शब्दाला त्याचा मूळ अर्थ पुनः लाभला आहे, आणि तोही जेथें कोणीं अपेक्षिला नसता अशा ठिकाणीं : दक्षिण कोरियांतील तरुण मुलींच्या गायनसंघांच्या आल्बमांत.

हा आल्बम हातांत घेतांच प्रथम जाणवतें तें त्याचें वजन. आंत चांगल्या कागदावर छापलेलें चित्रपुस्तक असतें, गीतांची पुस्तिका असते, घडी घातलेलें भित्तिचित्र असतें, आणि कोठें तरी एका कोंपऱ्यांत सीडी असते. त्या पुस्तकाच्या पानांत दडलेलें, खेळण्याच्या पत्त्याहून किंचित् लहान, संघांतील एका मुलीच्या छायाचित्राचें कार्ड असतें. घेणारीचा हात आधीं वळतो तो या कार्डाकडे. सीडी वाजविण्याचें यंत्र तिच्या घरीं पुष्कळदां नसतेंच. गाणें तिनें आपल्या फोनवर कधींच ऐकलेलें असतें. मग ती हें ओझें घरीं कां नेते?

याचें उत्तर थोडें मागें जाऊन शोधलें पाहिजे. कोरिया जपानच्या अमलाखालीं असतांना, १९३५ सालीं, ली नान-यंग या गायिकेची 'मोकपोचे अश्रू' ही ध्वनिमुद्रिका घरोघर पोंचली. तीच गायिका १९३९ त निघालेल्या 'जोगोरी सिस्टर्स' या संघांत होती. जोगोरी म्हणजे कोरियन पोषाखांतील वरचा आंखूड अंगरखा. हा त्या देशांतील पहिला स्त्री-गायनसंघ मानला जातो. पुढें १९५० चें युद्ध आलें, घर उद्ध्वस्त झालें, आणि या मातेनें आपल्या दोन मुली व एक भाची यांना अमेरिकन सैनिकांच्या छावण्यांतून गाण्यास उभें केलें. शब्दांचा अर्थ कळत नसतां मुलींनीं इंग्रजी गाणीं केवळ कानानें उचललीं. १९५९ सालीं 'किम सिस्टर्स' या नांवानें त्या लास व्हेगासला गेल्या. आजच्या संघांच्या जगभरच्या दौऱ्यांचें कौतुक करतांना या तीन मुलींची आठवण सहसा कोणी काढीत नाहीं.

लष्करी राजवटींत ध्वनिमुद्रिकांवर सरकारची नजर असे. १९८० नंतरच्या कित्येक तबकड्यांच्या शेवटीं एक 'निकोप गीत' सक्तीनें जोडलेलें आढळतें. विरहाचीं सारीं गाणीं संपलीं कीं ऐकणाऱ्यास देशाभिमानाचा एक डोस मिळे! दुसरीकडे चोरून छापलेल्या तबकड्या आणि हातगाडीवरील नकली कॅसेटी यांचा बाजार जोरांत होता. गीतांची पूर्वतपासणी १९९६ सालीं रद्द झाली. पुढच्याच वर्षीं, नोव्हेंबर १९९७ मध्यें, 'एस. ई. एस.' हा तीन मुलींचा संघ पुढें आला. आणि त्याच महिन्यांत कोरियन सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला. कर्जाच्या त्या अंधाऱ्या दिवसांत या मुलींचें गाणें देशभर वाजलें.

खरा आघात २००० सालीं झाला. 'सोरिबादा' नांवाच्या सोयीमुळें कोणाचेंही गाणें कोणासही संगणकावर फुकट मिळूं लागलें. सीडीची विक्री घसरली, दुकानें बंद पडलीं. गाणें विकलें जात नाहीं, तर विकावें काय, हा प्रश्न व्यापाऱ्यांपुढें उभा राहिला. 'गर्ल्स जनरेशन' या नऊ मुलींच्या संघाचा 'ओह!' हा आल्बम २०१० त निघाला, त्यांत त्याचें उत्तर होतें. प्रत्येक प्रतींत नवांपैकीं एकीचें कार्ड; कोणाचें, तें वेष्टन फोडल्याखेरीज कळावयाचें नाहीं. या प्रथेचा आरंभ साधारणतः तेथूनच मानतात. याच संघाचा २०१३ चा 'आय गॉट अ बॉय' दहा निरनिराळ्या मुखपृष्ठांनीं निघाला : एक सगळ्यांचें, नऊ एकेकीचीं.

युक्ति नवी नव्हती. सिगारेटचें पाकीट चेमटूं नये म्हणून घातलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर विलायतेंत चित्रें छापूं लागले, आणि मुलें चित्रासाठीं वडिलांच्या मागें लागलीं. १९४० त कागदाच्या टंचाईनें तो प्रकार थांबला. पण कोरियन व्यापाऱ्याचें गणित अधिक पक्कें आहे. नऊ कार्डें सारख्याच प्रमाणांत मिसळलीं आहेत असें धरलें, तर संपूर्ण संच जमण्यास सरासरीनें पंचविसांहून अधिक प्रती घ्याव्या लागतात. शेवटचें एक कार्ड मिळविण्यासच सरासरीनें नऊ प्रती! शिवाय प्रत्येक प्रत ही गायिकांच्या भेटीच्या सोडतींतील एक चिठ्ठी ठरते. आणि पहिल्या आठवड्याचा खप मोजून संघाची पत ठरत असल्यानें, आपल्या आवडत्या मुलींची लाज राखणें हें चाहतीचें कर्तव्य होऊन बसतें.

पूर्वीं मोठा खप मुलग्यांच्या संघांचा असे. 'ब्लॅकपिंक' या चौघींच्या संघाच्या 'द आल्बम'नें २०२० सालीं दहा लाखांचा पल्ला गाठला, तो मुलींच्या संघांत पहिलाच. 'बॉर्न पिंक' हा त्यांचाच २०२२ चा आल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादींत अग्रस्थानीं गेला. २०२३ त कोरियांतील आल्बमांचा खप अकरा कोटींच्या वर पोंचला. पुढील वर्षीं तो उतरला. जग सीडी विसरत असतां हा एक देश ती कोट्यवधींनीं छापीत होता.

संग्रह करणाऱ्या मुलींना वेडगळ म्हणणें सोपें आहे. मला तें पटत नाहीं. फोनवरचें गाणें कोणाचेंच नसतें, तें आज आहे आणि उद्यां काढून घेतलें जाईल. हातांत धरतां येईल, मैत्रिणीस दाखवितां येईल, अदलाबदल करून नवी ओळख जोडतां येईल, अशी वस्तु हवीशी वाटणें हा मनुष्यस्वभाव आहे. चित्र विकण्यालाही माझी हरकत नाहीं. चित्र कोणतें तें झांकून, शाळकरी मुलींच्या खाऊच्या पैशांवर सोडत चालविणें, येथें माझा आक्षेप आहे. शिवाय या सोडतीचा कचरा होतो. आल्बमांसाठीं कंपन्यांनीं वापरलेलें प्लास्टिक २०१७ त सुमारें ५५ टन होतें, तें २०२२ त ८०० टनांवर गेलें. या विरुद्ध पहिला मोठा ओरडा केला तो बाहेरच्या टीकाकारांनीं नव्हे, खुद्द चाहत्यांनीं. त्यांची एक संघटना उरलेले आल्बम गोळा करून कंपन्यांकडे परत धाडूं लागली.

उरलेल्या प्रतींची कथा मोठी चमत्कारिक आहे. कार्ड काढून घेतल्यावर कोणी त्या समाजसंस्थांना दान करतात, कोणी दुकानाच्या दाराशींच सोडून जातात. काढलेलें कार्ड मात्र पारदर्शक वेष्टनांत घालून, खिशाखिशांच्या पानांच्या एका बांधीव वहींत जपून ठेवलें जातें. त्या वहीच्या पानाला बहुधा नऊ खिसे असतात, आणि सीडीला त्यांत जागा नसते.