घर फोडले म्हणजे काय?

माजलगावच्या बाजूची जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना घरफोडी हा शब्द फोड करून सांगावा लागत नाही. पांढऱ्या मातीची जाड भिंत, वर माळवद, आणि माळवदाला उजेडापुरते सवणे. अशा घरी चोर यायचा तो भिंत कोरून, भगदाड पाडून. संस्कृतात यालाच संधिच्छेद म्हणतात. मृच्छकटिकातला शर्विलक तर चारुदत्ताच्या भिंतीला भोक कोणत्या आकाराचे शोभेल याचाच विचार करीत बसतो. देवलांच्या नाटकाने तो मराठी प्रेक्षकांच्या ओळखीचा झाला. मनुस्मृतीला मात्र अशी गंमत ठाऊक नाही. रात्री भिंत फोडून चोरी करणाराचे हात तोडावेत आणि त्याला सुळी द्यावे, असा तिचा दंडक.

इंग्रजांच्या जुन्या कायद्यालाही रात्र हवीच असे. राहते घर, रात्रीची वेळ, आत शिरून मोठा गुन्हा करण्याचा हेतू, हे सारे जुळले म्हणजे ती बर्गलरी. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने तो शब्द घेतला नाही. तिच्या ४४५ व्या कलमात घरफोडीचे सहा मार्ग सांगितले होते, आणि दिवसाची घरफोडीही घरफोडीच मानली होती. रात्र झाली की शिक्षा वाढे एवढेच: चोरीच्या हेतूने दिवसा फोडल्यास दहा वर्षांपर्यंत, रात्री चौदा. रात्र म्हणजे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत.

कलमाखालचे दाखले मोठे वाचनीय आहेत. भिंतीला भोक पाडून नुसता हात आत घातला, तरी घर फोडले. हरवलेली किल्ली सापडली आणि तिने दार उघडून आत शिरला, तरी फोडले. इथे भिंतीचा एक ढलपाही पडलेला नसतो! उलट उघड्या दाराने आत येऊन भांडे उचलून नेणारा चोर खरा, पण घरफोड्या नव्हे. काही चोरीला गेलेच पाहिजे असेही नाही; वाईट हेतूने आत शिरणे पुरे. आणि घर म्हणजे केवळ वाडा नव्हे. माणूस राहत असेल तर तंबूही घर.

निजामाच्या राज्यातील आपल्या भागाला ही संहिता लागू झाली ती १ एप्रिल १९५१ ला. इतकी काटेकोर संहिता करणाऱ्या सरकारनेच १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, हे आम्हांला नेहमी चमत्कारिक वाटत आले आहे. एकीकडे हात भिंतीच्या आत गेला की नाही हे पाहायचे, दुसरीकडे मूल कोणाच्या पोटी जन्मले एवढेच पाहायचे. सोलापूरला अशा कुटुंबांसाठी काटेरी तारांच्या आत वसाहत होती. तेथल्या माणसाला चोर ठरवायला घर फुटावे लागत नव्हते.

तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा केला, त्यात जमात न पाहता झालेल्या शिक्षा मोजायच्या होत्या. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. घरफोडीचे ते सहा मार्ग आता तिच्या ३३० व्या कलमात आहेत. पण गावात रात्री कुलूप तुटले म्हणजे सकाळी पहिली चौकशी अजूनही पुष्कळदा गावाबाहेरच्या पारध्यांच्या पालावरच जाते. पालातले सामान उपसले जाते, बायामाणसांना बाहेर काढले जाते. त्या वेळी पाल हे त्यांचे घर आहे, ही गोष्ट कुणाच्या ध्यानात नसते.