बर्वे प्रकरण : दोषारोपाची चौकट

१७ जुलै १८८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद सुनावली. कोल्हापूरच्या महाराजांची बाजू घेतली म्हणून ही शिक्षा झाली, असे आपण सांगत आलो आहोत. खटल्याची चौकट मात्र निराळी होती.

दत्तक छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, असा बोभाटा १८८१ मध्ये झाला होता. त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालेल्या, आगरकर आणि टिळक संपादक असलेल्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या वृत्तपत्रांनी कोल्हापूरचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्यावर टीकेची झोड उठवली. बर्वे यांचीच म्हणून काही पत्रे बाहेर आली आणि टीकेचा सारा भार त्या पत्रांवर राहिला.

बर्व्यांनी फिर्याद केली ती अब्रुनुकसानीची. फिर्याद ही फिर्यादीची बाजू. दोषारोप ठेवते न्यायालय. कोणी, कोणाविरुद्ध, केव्हा, कोठे, कोणत्या कलमाखालचा गुन्हा केला, एवढेच त्यात नेमके सांगावे लागते. आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे २३४ आणि २३५ हेच मागतात.

१८८२ मध्ये लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचे कलम ४९९ अब्रुनुकसानीची व्याख्या करी आणि अपवादही देई. पहिला अपवाद असा : मजकूर खरा हवा आणि तो छापणे लोकहिताचे हवे. कलम ५०० खाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शके. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०५ ने अपवाद सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर टाकले होते. म्हणजे पत्रे खरी असल्याचे संपादकांनीच दाखवायचे. ती बनावट निघाली आणि बचावाचा पायाच गेला. दोघांनी माफी मागितली, तरी बर्व्यांनी खटला मागे घेतला नाही.

डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघे २६ ऑक्टोबरला सुटले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकही लिहिले. चौथे शिवाजी महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला गोऱ्या रक्षकाशी झालेल्या झटापटीत वारले.

बर्व्यांवरील आरोपाला आधार होता का, याचे उत्तर या खटल्यात मिळते. महाराजांना कसे वागवले, हा प्रश्न दोषारोपात नव्हता. त्याचे उत्तर निकालातून काढणे म्हणजे कागदाला न विचारलेले वदवून घेणे. त्यासाठी संस्थानचे दप्तरच पाहावे लागेल.