नक्कल, दप्तर आणि हक्क : चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांतील अभिलेख-जतनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संगणकीय जाळ्यावरील माहितीची दुसरी प्रत ठराविक वेळी, ठराविक ठिकाणी आपोआप तयार व्हावी, यासाठी बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉपी जॉब’ निश्चित करावा लागतो. हे काम केवळ तांत्रिक समजले जाते. परंतु नक्कल कशाची करावयाची, किती काळाने करावयाची, कोठे ठेवावयाची, किती काळ जपावयाची आणि तिची पडताळणी कोणी करावयाची, हे त्यातील प्रश्न संगणकापेक्षा पुष्कळ जुने आहेत. चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत गावकऱ्यांचे जंगलावरील हक्क सिद्ध होणे वा न होणे या प्रश्नांशी निगडित राहिले आहे. प्रस्तुत लेखात महसुली अभिलेखांच्या इतिहासाच्या आधारे त्यांचा विचार केला आहे.

बदलत्या राजवटी व दप्तर

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा होऊन चांदा जिल्हा ब्रिटिश अंमलाखाली आला. मेजर लूसी स्मिथ यांचा या जिल्ह्याच्या जमीन-महसूल बंदोबस्ताचा अहवाल १८६९ मधील आहे. मालगुजारी पद्धतीत गावचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या अभिलेखात नोंदविले जात. मध्यप्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी व जमीनदारी संपुष्टात आली आणि त्यांच्या ताब्यातील जंगले शासनाकडे गेली. सरपण, बांबू, घरासाठी लाकूड, गुरांची चराई या गावाच्या गरजा, म्हणजेच निस्तार, ‘निस्तारपत्रका’त नोंदविण्यात आल्या. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये निस्तारपत्रक (कलम १६१) व वाजिब-उल-अर्ज (कलम १६५) यांना स्थान मिळाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला.

सव्वाशे वर्षांत राजवट, राज्य आणि जिल्हा बदलला. गाव मात्र जागचे हलले नाही. अशा गावाच्या बाबतीत हक्काचे सातत्य दाखविणारा दुवा म्हणजे दप्तरातील कागद व त्याची नक्कल होय.

नक्कल करण्याची जुनी रीत

हस्तलिखित सातबारा दर दहा वर्षांनी नव्याने लिहिला जाई. लिहिणाऱ्याच्या हातून एखादे नाव वा क्षेत्र चुकले, तर ती चूक पुढील प्रत्येक प्रतीत उतरे. यावर दोन उपाय होते. फेरफार नोंदवहीत प्रत्येक बदल क्रमांकासह राहत असल्याने पूर्वीची स्थिती शोधता येई. तसेच संहितेच्या कलम १५५ नुसार लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो. म्हणजेच या व्यवस्थेत केवळ नक्कल नव्हे, तर बदलांचा इतिहासही जपला जात होता.

संगणकीय नक्कल

पुढे सातबाऱ्याचे संगणकीकरण झाले. २०१७ मध्ये संगणकीकृत सातबाऱ्याचे गावोगावी चावडी वाचन करण्यात आले आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला.

येथे कॉपी जॉबची रचना महत्त्वाची ठरते. मूळ माहितीचे हुबेहूब प्रतिबिंब ठेवण्याची आज्ञा दिल्यास मूळ ठिकाणी पुसलेली नोंद नकलेतूनही पुसली जाते. म्हणून जुन्या आवृत्त्या किती काळ ठेवावयाच्या, ही मुदत स्पष्टपणे ठरवावी लागते. प्रथम संपूर्ण प्रत आणि नंतर केवळ बदललेला भाग, ही रीत मंद जोडणीच्या दुर्गम भागास सोयीची असते. काम रात्री लावता येते व वेगावर मर्यादाही घालता येते. मात्र या साखळीतील एक कडी निखळली की पुढील नकला निरुपयोगी होतात; त्यामुळे अधूनमधून संपूर्ण प्रत घेणे आवश्यक असते. फेरफार आणि दशवार्षिक पुनर्लेखन यांचे नाते नेमके असेच होते. दुसरी प्रत त्याच इमारतीत ठेवणे पुरेसे नाही, हे पर्लकोटेच्या पुराने वारंवार संपर्क तुटलेल्या भामरागडच्या उदाहरणावरून सहज पटते. शेवटी, नकलेतून माहिती परत मिळवून पाहिल्याखेरीज तिच्यावर विसंबता येत नाही. चावडी वाचनामागील तत्त्व हेच होय.

वनहक्क व प्रतीचे महत्त्व

वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३ मध्ये निस्ताराचा सामूहिक हक्क मान्य झाला आहे. २००८ च्या नियमांनुसार शासकीय अभिलेख, बंदोबस्त अहवाल व नकाशे पुरावा म्हणून ग्राह्य आहेत. त्याचबरोबर वृद्धांचे लेखी नोंदविलेले निवेदनही ग्राह्य आहे. म्हणजे कागद हरवला तेथे गावाची स्मृती हीच शेवटची प्रत ठरते. ग्रामसभेने आपल्या ठरावाची प्रत उपविभागीय समितीकडे पाठवावी आणि हक्काच्या अभिलेखाची प्रमाणित प्रत दावेदारास व ग्रामसभेस मिळावी, अशीही तरतूद आहे. २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) व मर्दा या गावांना देशात प्रथम सामूहिक वनहक्क मिळाले. अशा हक्काचा कागद केवळ कचेरीत न राहता ग्रामसभेच्या हाती असणे, ही त्या हक्काची सुरक्षितता आहे.

निष्कर्ष

नक्कल कशी करावयाची हा निर्णय वरकरणी कारकुनी असला, तरी परिणामतः तो हक्कांविषयीचा निर्णय असतो. म्हणून या जिल्ह्यांतील संगणकीय जतनात निस्तारपत्रके व वाजिब-उल-अर्ज यांचा समावेश करणे, जुन्या आवृत्त्या न पुसणे, एक प्रत जिल्ह्याबाहेर व एक ग्रामसभेकडे ठेवणे आणि तिचे ठराविक काळाने जाहीर वाचन करणे आवश्यक आहे. जी नक्कल गावाला वाचता येत नाही, ती माहितीचे रक्षण करील. हक्काचे रक्षण करू शकणार नाही.