भायखळ्याचा ड्रॉइंग मास्तर

आमच्या कॉलेजात 'उद्योजकता विकास' हा विषय आला आणि तो शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी मूळचा मशीन ड्रॉइंगचा. पुस्तकात उद्योजकतेची गोष्ट स्टॅनफर्डपासून सुरू होत होती. म्हटलं, आधी भायखळा.

१८८७ साली भायखळ्यात व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचं माटुंग्याचं व्हीजेटीआय, सुरू झालं. गिरण्यांना जाणकार माणसं हवी होती. धंदा काढायला शिकवणं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिथे लक्ष्मणराव किर्लोस्कर ड्रॉइंग शिकवत. गडी जे. जे. स्कूलला चित्रकार व्हायला आलेला; रंग नीट ओळखता येत नाहीत म्हटल्यावर यांत्रिक रेखाटनाकडे वळला. (आमच्या विषयावर उपकारच!) पुढे बढतीत डावललं गेलं, तशी त्यांनी नोकरीला रामराम ठोकला.

बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान होतंच. तिथे कडबा कापायचं यंत्र झालं, मग लोखंडी नांगर. नांगर खपेना. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत. फाळ झिजला तर बदलता येतो, हेही शेतकऱ्यांना पटवत बसावं लागलं. त्यातच नगरपालिकेनं जागा सोडायला लावली. औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं, वर कर्जही. १९१० साली तिथे कारखाना आणि त्याची वसाहत, किर्लोस्करवाडी, उभी राहिली.

मुलं विचारतात, "सर, हे परीक्षेला आहे का?" नाही. परीक्षेला 'बिझनेस प्लॅनचे घटक' आहेत, आठ मार्कांना.