पुढे म्हणजे नक्की कुठे?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

गेल्या वर्षी परदेशी क्लायंटचा मेल आला: रिलीज दोन दिवस 'फॉरवर्ड' केलंय. मी पेणचा माणूस. डोक्यात लगेच भाषांतर झालं, 'पुढे गेलं'. टीमला म्हटलं, निवांत, दोन दिवस मिळाले. प्रत्यक्षात तारीख दोन दिवस अलीकडे आली होती! ती रात्र आम्ही सगळ्यांनी ऑफिसात काढली. चूक शंभर टक्के माझी.

तेव्हापासून हे शब्द डोक्यात बसलेत. आपण काम पुढे ढकलतो म्हणजे उशिरा करतो. इंग्रजीत तारीख फॉरवर्ड आणली की ती जवळ येते. 'पोस्टपोन'मध्ये तसा घोळ नाही. तो लॅटिनमधून आलाय: 'पोस्ट' म्हणजे नंतर, 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. त्याच्या उलट आपला लाडका 'प्रीपोन'. हे भारतीयांचं चुकीचं इंग्रजी म्हणून लोक हसतात. पण 1913 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून एकाने हाच शब्द सुचवला होता, घाईच्या जमान्यात वकिलांना उपयोगी पडेल म्हणून. तिकडे रुजला नाही, आपल्याकडे रुजला. माझ्या मते शब्द चोख आहे. क्लायंटने तो वापरला असता तर आमची रात्र वाचली असती.

बरं, घोळ आपलाच होतो असं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी वॉशिंग्टनला बसले होते आणि 'टेबल' या शब्दावरून जुंपली. ब्रिटिशांच्या लेखी विषय टेबल करणं म्हणजे लगेच चर्चेला घेणं. अमेरिकनांच्या लेखी बाजूला ठेवून देणं. बराच वेळ वाद घातल्यावर कळलं की दोघांना एकच हवं होतं. हे खुद्द चर्चिलने लिहून ठेवलंय.

मला सगळ्यात आवडला तो 'अ‍ॅडजर्न'. जुन्या फ्रेंचमधला शब्द, त्याच्या पोटात 'दिवस' आहे. मूळ अर्थ, ठरलेल्या दिवसावर नेणे. म्हणजे काम थांबवायचं तर पुढचा दिवस सांगूनच. दिवस न सांगता उठायचं असेल तर लॅटिनमधला वेगळा शब्दप्रयोग, 'साइने डाय', दिवसाविना. आपण म्हणतो, बेमुदत तहकूब.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. मुंबई-गोवा महामार्ग. पनवेल ते इंदापूर, साधारण 84 किलोमीटरचं चौपदरीकरण. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड सगळं यातच. काम 2011 च्या शेवटी सुरू झालं, 2014 मध्ये संपायचं होतं. मी तेव्हा शाळेत होतो. मग बीटेक झालं, नोकरी लागली, आणि दरवर्षी गणपतीच्या आधी बातमीत एकच शब्द: 'मुदतवाढ'. काय हुशार शब्द आहे बघा. यात काम रखडत नाही, मुदत वाढते. पगारवाढ झाल्यासारखं वाटतं! आणि कोणी वाढवली, का वाढवली, ते शब्दात कुठेच नाही.

कारणं होती. भूसंपादन होतं, कर्नाळा अभयारण्याची परवानगी होती. पण रोह्याकडे बघा. रूळ 1986 मध्ये तिथे येऊन थांबले होते. 1990 मध्ये कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि 26 जानेवारी 1998 ला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत मार्ग खुला झाला. सह्याद्रीचे बोगदे खणून, साधारण 740 किलोमीटर. तारखा त्यांच्याही हुकल्या, भूसंपादन त्यांनाही करावं लागलं. तरी आठ वर्षांच्या आत झालं.

माझी आत्या रोह्याला असते. 'रस्ता झाला की येतो' हे मी तिला दोन वर्षं ऐकवत होतो. शेवटी फोनवर म्हणाली, "रस्त्याचं राहू दे रे. तू वार सांग."

शनिवार, म्हटलं. दिवा-रोहा गाडी पकडली. कासू, नागोठणे, रोहा. आत्या फलाटावर उभी होती.